मेंढा निवडताना मेंडेल आठवा

मेंढपाळ बंधूंनो, बाजारात मेंढा घ्यायला गेल्यावर आपण काय बघतो? उंची बघतो, छाती बघतो, पायाची हाडं चाचपतो. माडग्याळी असेल तर नाकाचा बाक बघतो आणि त्या बाकापायी खिसा मोकळा करतो. त्यात वावगं काही नाही. पण या मेंढ्याच्या आईला कधी जुळी झाली होती का, त्याचे भाऊ कसे निघाले, त्याचे दोन्ही अंडकोष खाली उतरलेले आणि सारखे आहेत का, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. एक मेंढी वाईट निघाली तर एका वेताचं कोकरू बुडतं. मेंढा वाईट निघाला तर पंचवीस-तीस मेंढ्यांचा हंगाम बुडतो. नर म्हणजे अर्धा कळप, असं आम्ही मेळाव्यात सांगतो ते यासाठीच.

हा अर्धा कळप नुसत्या डोळ्यांना का दिसत नाही, हे कोडं ज्यांनी सोडवलं ते गृहस्थ शेतकऱ्याच्याच पोटी जन्मले होते. त्यांचं नाव ग्रेगॉर मेंडेल. आपल्या पोरांच्या शाळेच्या पुस्तकात ते आहेत. वाटाण्यावर प्रयोग करणारे पाद्री, एवढीच त्यांची ओळख पोरं पाठ करतात. पण ज्या शहरात त्यांनी वाटाणा लावला, ते शहर मेंढ्यांच्या पैदाशीच्या वादानं गाजलेलं होतं, हे पुस्तकात सहसा नसतं. म्हणून आज त्यांची हकिगत सांगतो. वाचताना आपला वाडा डोळ्यांपुढं ठेवा.

वेठ करणाऱ्या बापाचा मुलगा

मेंडेल यांचा जन्म जुलै 1822 मधला. पाळण्यातलं नाव योहान. गाव हिंचित्से. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे, त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. वडील अँटन यांची थोडी शेती होती, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या रानात वेठ करावी लागे. उरलेल्या दिवसांत घरची शेती आणि फळझाडं. कलम कसं बांधायचं हे योहान वडिलांच्या हाताखाली शिकला. गावच्या शाळेतही फळबाग आणि मधमाश्या पाळणं शिकवत असत.

पोरगं हुशार निघालं. शिक्षकांनी आग्रह धरला म्हणून त्याला बाहेरगावी शिकायला ठेवलं. घरून येणारं धान्य पुरत नसे. कित्येकदा अर्धपोटी राहून दिवस काढले. 1838 मध्ये वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडला आणि ते कायमचे अधू झाले. योहान तेव्हा सोळा वर्षांचा होता. तो दुसऱ्या मुलांच्या शिकवण्या घेऊन पोट भरू लागला. एकुलता एक मुलगा, त्यानं परत येऊन शेती बघावी, हे आपल्याकडे झालं असतं तसंच तिथंही अपेक्षित होतं. पण त्याचं मन पुस्तकात होतं. अखेर 1841 मध्ये शेत थोरल्या जावयाच्या हवाली करण्यात आलं.

पुढच्या शिक्षणाला पैसा नव्हता. तेव्हा धाकटी बहीण थेरेसिया पुढं आली आणि आपल्या लग्नासाठी राखलेल्या वाट्यातला हिस्सा तिनं भावाला दिला. ही गोष्ट मेंडेल विसरले नाहीत. पुढे त्यांना चांगले दिवस आले तेव्हा बहिणीच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. त्यातले दोघे डॉक्टर झाले.

1843 मध्ये वयाच्या 21 व्या वर्षी योहान ब्रनो शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. तिथं त्यांना ग्रेगॉर हे नाव मिळालं. मठात गेल्यानं पोटाची चिंता मिटली आणि शिकायची वाट मोकळी झाली.

लोकरीचं शहर आणि मेंढ्यांचा वाद

आता ब्रनो कसं होतं ते समजून घ्या. आपलं सोलापूर जसं कापसाच्या गिरण्यांचं शहर म्हणून वाढलं, तसं ब्रनो लोकरीच्या गिरण्यांवर वाढलं. गिरण्यांना बारीक लोकर हवी. बारीक लोकर स्पेनच्या मेरिनो मेंढीची. म्हणून तिथल्या जमीनदारांनी मेरिनो मेंढे आणले आणि आपल्या गावठी मेंढ्यांवर सोडले. कोकरं कधी बापावर जात, कधी आईवर, तर कधी दोघांना सोडून भलतीच निघत. हजारो रुपयांचा मेंढा घेऊन पिढी बिघडली, की आपल्याकडे नशिबाला बोल लावतात. ब्रनोच्या लोकांनी त्यावर विचार करायला संस्था काढली. 1814 मध्ये तिथं मेंढीपालकांची मंडळी एकत्र आली. 1819 मध्ये हंगेरीतले एक मेंढीपालक जमीनदार, इम्रे फेस्टेटिक्स, यांनी आपल्या कळपाच्या अनुभवावरून पिढीजात गुणांचे नियम मांडले. आजोबांचे गुण एक पिढी गडप होऊन नातवंडांत पुन्हा दिसतात, हे त्यांनी नोंदवलं. जवळच्या नात्यात पैदास करायची तर निवड फार कडक पाहिजे, असंही बजावलं.

मेंडेल ज्या मठात गेले त्याचे प्रमुख सिरिल नॅप हे स्वतः या मेंढीपालकांच्या बैठकांना हजर असत. 1837 च्या सुमारास त्यांनी सगळ्यांपुढं मुद्द्याचा प्रश्न ठेवला. मेंढा कसा निवडावा यावर भांडण्याआधी, पिढीतून पिढीत नेमकं काय जातं आणि ते कसं जातं, हे शोधा, असा त्याचा आशय होता. उत्तर कुणाकडेच नव्हतं. सहा वर्षांनी त्याच नॅप यांच्या मठात मेंडेल आले.

अडीच गुंठे आणि अठ्ठावीस हजार रोपं

मेंडेल शिकवण्यात चांगले होते, परीक्षेत मात्र कमनशिबी. शिक्षकाच्या कायम सनदेची परीक्षा त्यांनी 1850 मध्ये दिली आणि ते नापास झाले. भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांनी घात केला. नॅप यांनी त्यांना 1851 ते 1853 व्हिएन्नाच्या विद्यापीठात शिकायला पाठवलं. तिथं ते पदार्थविज्ञान शिकले, मोजणं आणि हिशेब ठेवणं शिकले. 1856 मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण आजारपणामुळं ती अर्धवट राहिली. कायम शिक्षकाचा कागद त्यांना मिळालाच नाही. शाळेत ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवत राहिले.

त्याच 1856 साली मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याचा प्रयोग मांडला. जागा साधारण 35 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद, म्हणजे आपले जेमतेम अडीच गुंठे. मेंढीवर हे काम का केलं नाही? हिशेब करा. मेंढी पाच महिने गाभण राहते, बहुधा एकच कोकरू देते, आणि ते कोकरू वयात यायला वर्ष जातं. हजार कोकरं मोजायला आयुष्य पुरायचं नाही. वाटाणा एका हंगामात शेकडो दाणे देतो आणि त्याचा संकर आपल्या हातात राहतो.

आठ हंगाम, 1863 पर्यंत, हे काम चाललं. सुमारे 28,000 रोपं तपासली. गोल दाण्याचा वाटाणा सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्याशी संकरित केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली कुठं? त्या गोल दाण्यांची पुढची पिढी घेतली. 7,324 दाणे मोजले. त्यांत 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले. म्हणजे तिनास एक. सुरकुती नाहीशी झालीच नव्हती, ती दबून बसली होती.

मेंडेल यांनी काढलेला अर्थ आपल्या भाषेत असा. प्रत्येक गुणाची जोडी असते. एक आईकडून, एक बापाकडून. जोडीतला एक दांडगा असला तर तोच अंगावर दिसतो, दुसरा गप्प राहतो. पण पोर होताना जोडी फुटते आणि कोणता एक पुढं जाईल हे नाण्याच्या छाप-काट्यासारखं असतं. दोन गप्प बसलेले एकत्र आले की गुण उघडा पडतो. नॅप यांच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. अंगावर दिसतं ते वेगळं आणि पोटात असतं ते वेगळं.

ऐकणारे होते, समजणारे नव्हते

1865 च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये, दोन सभांत, मेंडेल यांनी हे सारं ब्रनोच्या विज्ञान मंडळापुढं वाचलं. 1866 मध्ये निबंध छापून आला. त्याच्या 40 प्रती त्यांनी मागवून घेतल्या आणि त्यातल्या काही मोठमोठ्या विद्वानांना पाठवल्या. कुणाला त्याचं मोल कळलं नाही. वाटाण्यात एवढं गणित कशाला, असंच बहुतेकांना वाटलं असावं.

पुढे त्यांनी मधमाश्यांवरही संकराचा प्रयत्न केला. तिथं मात्र गाडी अडली. राणीमाशी हवेत उंच जाऊन नरांशी मीलन करते, त्यामुळं नर कोणता हे ठरवता येईना. नर हातात नसेल तर पैदासही हातात राहत नाही. आपल्या वाड्यावर तीन-चार मेंढे एकत्र सुटे फिरतात आणि कोकरू कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा आपली गत मेंडेल यांच्या मधमाश्यांसारखीच होते.

1868 मध्ये मेंडेल मठाचे प्रमुख झाले आणि प्रयोग मागं पडले. 1874 मध्ये सरकारनं मठांवर जादा कर बसवला. तो अन्यायाचा आहे म्हणून त्यांनी भरायला नकार दिला आणि शेवटपर्यंत सरकारशी कागदी लढाई लढले. ग्रामसेवक आणि तलाठी मित्रांना अशा लढाईची कल्पना असेलच. त्यातच त्यांची उमेद खर्ची पडली. 6 जानेवारी 1884 रोजी मूत्रपिंडाच्या विकारानं ते वारले. शहरानं त्यांना भला पाद्री आणि शेतकी मंडळातला जाणता माणूस म्हणून निरोप दिला. एका नव्या शास्त्राचा बाप गेला, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक नव्हतं. 1900 मध्ये, निबंध छापल्याला 34 वर्षं होऊन गेल्यावर, युरोपातल्या तीन शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या ठिकाणी तेच नियम पुन्हा शोधले आणि मेंडेल यांचं नाव जगापुढं आलं.

पालखीच्या वाटेवरचा पुरावा

आता हे सारं मेंढ्याला कसं लागू पडतं, त्याचा पुरावा बघायला लांब जायला नको. माउलींची पालखी ज्या वाटेनं आपल्या जिल्ह्यात येते, त्याच वाटेवर नातेपुत्याच्या अलीकडं फलटण आहे. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. या संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनी मेंढीवर मोठं काम केलं.

आपली दख्खनी काटक आहे. दुष्काळ सोसते, लांबची चाल सोसते, काळी लोकर घोंगडीला देते. पण एका वेताला बहुधा एकच कोकरू. लोकरीला भाव राहिला नाही, आता मेंढपाळाचा संसार कोकरांवर चालतो. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची बुटकी मेंढी आहे. तिला सर्रास जुळी होतात. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढीतही जुळ्यांचा असाच गुण आहे. 1792-93 च्या सुमारास बंगालमधून तिकडं मेंढ्या गेल्या होत्या, त्यांच्यातूनच तो तिथं पोचला असं मानतात. 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी या गुणामागचा नेमका जनुकबदल शोधला. बुरूला आणि गरोळ, दोघींत तो एकच निघाला. मेंडेल यांच्या वाटाण्यासारखा, एका जोडीचा.

फलटणला गरोळ आणि दख्खनी यांचा संकर केला. मग प्रत्येक पिढी पुन्हा दख्खनीकडे वळवत अंगलट दख्खनीची ठेवली आणि जुळ्यांचा जनुक तेवढा राखला. एका बाजूनं जरी हा जनुक आला, तरी मेंढी सरासरी दर दोन वेतांमागं जवळपास एक कोकरू जास्त देते.

पण बंधूंनो, खरी गोम पुढं आहे. हा जनुक मेंढ्यातही असतो, पण मेंढा काही वीत नाही. त्याच्या अंगावर, शिंगावर, नाकावर त्याची कसलीही खूण नाही. जोडीतले दोन्ही जनुक जुळ्यांचे असलेला मेंढा साध्या मेंढ्यांवर सोडला, तर त्याच्या प्रत्येक लेकीत एक जनुक जाणारच. जोडीत एकच असेल तर निम्म्या लेकींत जाईल. कुठला मेंढा कसला, हे रक्त तपासून किंवा लेकी व्यायल्यावरच कळतं. बाजारातल्या बोलीत ते कळत नाही.

चांगला गुण जसा मेंढ्यात लपतो तसा वाईट गुण मेंढीत लपतो. मागं एका वाड्यावर गेलो होतो. मेंढा देखणा, पण घरचाच, आणि पाच वर्षं तोच चालू. नर कोकरांत दोघा-तिघांचा एकच अंडकोष खाली उतरलेला. मालक म्हणाले, मेंढ्या नजर लागल्यासारख्या झाल्यात. नजर कसली, मेंडेल यांचा हिशेब होता तो. हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो. मेंढीला अंडकोष नाहीत, म्हणून तिच्यात तो दिसत नाही, पण तिच्याकडून लेकात येऊ शकतो. आता कोणताही एक लपलेला दोष धरा. मेंढ्यात तो एकेरी असला तर त्याच्या निम्म्या लेकींत जातो. तोच मेंढा त्या लेकींवर चालला, तर सरासरी आठ कोकरांत एका कोकरात तो दोष जोडीनं येतो. बाप लेकीवर जाऊ देऊ नये, हे आपले वाडवडील सांगत आले. का, ते मेंडेल यांच्यामुळं कळलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सगळेच गुण एका जोडीचे नसतात. अंडकोषांचा आकार, वीर्याचा कस, मेंढ्याचा जोम यांमागं पुष्कळ जनुक असतात, प्रत्येकाचा वाटा थोडा. शिवाय चारा, ऊन आणि आजार यांचाही त्यात हात असतो. तरी अंडकोषांचा आकार बऱ्यापैकी बापाकडून लेकाकडं जातो. काही जातींत मोठ्या अंडकोषांच्या मेंढ्यांच्या लेकी जास्त फळतात, असंही संशोधनात दिसलं आहे.

आपल्या वाड्यावर काय करायचं

खर्च फार नाही. शिंप्याच्या टेपनं अंडकोषांचा घेर, जिथं जास्त भरेल तिथं, मोजा. एकाच वयाच्या नरांत ज्याचा घेर जास्त, तो पैदाशीला ठेवा. हाताला अंडकोष टणक लागावेत, सारखे असावेत, गाठ नसावी. एकच अंडकोष उतरलेला नर कितीही देखणा असो, पैदाशीला ठेवू नका. तो मेंढ्या गाभ घालवू शकतो, म्हणूनच तो जास्त धोक्याचा.

मेंढ्याचं वीर्य तयार होऊन बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात, आणि अंडकोष अंगापेक्षा चार-पाच अंश थंड राहावे लागतात. मृगाचा पाऊस पडून हिरवा चारा आला की मेंढ्या माजावर येतात. त्या वेळी जे वीर्य कामी येतं, ते आपल्या सोलापूरच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात तयार झालेलं असतं. म्हणून त्या दोन महिन्यांत मेंढ्याला झाडाची सावली, पाणी आणि मूठभर खुराक चुकवू नका. मेंढ्याला मोठा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन महिने दुसरा मेंढा वापरा.

दर पंचवीस-तीस मेंढ्यांमागं एक जाणता मेंढा ठेवा. दोन वर्षांनी मेंढा बदला, कारण तोवर त्याच्या लेकी माजावर येऊ लागतात. विकायला नको वाटत असेल तर दुसऱ्या वाड्याशी अदलाबदल करा. जुळ्याच्या पोटचा, दोन्ही कोकरं जगवणाऱ्या मेंढीचा नर राखा. बाकीचे नर वेळेत खच्ची करा. नाहीतर कोकरू कुणाचं याचा पत्ता लागणार नाही.

आणि एक वही घाला. कानाला बिल्ला, वहीत आईचा नंबर, बापाचा नंबर, विण्याची तारीख, एक की जुळं. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी गावातल्या मेंढपाळांना या वह्या मिळवून द्याव्यात. मेंढा घ्यायचा असेल तर आपल्या सांगोला तालुक्यात महूदला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं चौकशी करावी.

मेंडेल यांच्याजवळ अडीच गुंठे जागा, वाटाण्याच्या शेंगा आणि चोख नोंदी होत्या. परीक्षेत ते दोनदा मागं राहिले, पण वही त्यांनी चुकू दिली नाही. बहिणीच्या वाट्यातून शिकलेल्या त्या शेतकऱ्याच्या पोरानं जगाला एवढं शिकवलं, की दिसण्यावर जाऊ नका, पिढी मोजा. पुढच्या बाजारात मेंढ्याच्या नाकावर हात फिरवाल तेव्हा त्याच्या आईचीही चौकशी करा.